आधी मान्यता, मग फी: इंदूरमध्ये राहून स्पेशल एज्युकेटर किंवा स्पीच थेरपिस्ट व्हायचं तर

निकाल लागले की दरवर्षी माझ्याकडे मुलं-मुली तीच अडचण घेऊन येतात. कुणी राजेंद्रनगरहून, कुणी लोकमान्यनगरहून. फीचा पहिला हप्ता भरलेला असतो, आयकार्ड गळ्यात असतं आणि मग प्रश्न येतो, "ताई, ते आरसीआय म्हणजे नक्की काय असतं?" आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, या क्षेत्रातल्या कोर्सना मान्यता देणारी आणि नावं नोंदवून घेणारी. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो. बहुतेकांच्या बाबतीत सगळा क्रमच उलटा झालेला असतो: आधी फी, मग चौकशी, आणि मुलांना प्रत्यक्ष भेटणं थेट दुसऱ्या सत्रात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. मधला एखादा गाळलात तर पुढे तिथेच परत यावं लागतं, आणि तेव्हा वर्ष गेलेलं असतं.

टप्पा १: काम आधी निवडा, कोर्स मागाहून

"मला स्पेशल मुलांसाठी काहीतरी करायचंय" हे वाक्य कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही. ही वेगवेगळी कामं आहेत आणि एकाचं शिक्षण घेऊन दुसरं करता येत नाही.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-भाषा तज्ज्ञ. यासाठी बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावी विज्ञान शाखेतून लागते: भौतिक, रसायन आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणितासारखा तिसरा विषय. याच पदवीत ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणतपासणीही येते. काम फक्त लहान मुलांचं आहे असं समजू नका. पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा, घशाचं ऑपरेशन झालेला रिक्षावाला, आवाज बसलेल्या शिक्षिका, गिळताना ठसका लागणारे रुग्ण, हे सगळे इथेच येतात. रुग्णालयाचा वास सहन होत नसेल तर आत्ताच विचार करा.

विशेष शिक्षक, म्हणजे स्पेशल एज्युकेटर. बारावीनंतर डी.एड. विशेष शिक्षण, दोन वर्षं, कोणतीही शाखा चालते, साधारण ५० टक्के गुण लागतात. पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण. दोन्हींत एक विशेषीकरण निवडावं लागतं: श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) वगैरे. हे विशेषीकरण प्रमाणपत्रावर आणि नोंदणीवर कायम राहतं, त्यामुळे "जागा त्यातच होती म्हणून घेतलं" हे कारण पुरेसं नाही. बी.एड.ची रचना आणि कालावधी अलीकडे बदलत आहेत. पाच वर्षांपूर्वी शिकलेल्या आतेबहिणीचं ऐकून चालू नका, चालू सत्राची अधिसूचना वाचा.

डीएचएलएस हा वाचा-श्रवणातला एक वर्षाचा डिप्लोमा आहे. तो केलेली व्यक्ती साहाय्यक म्हणून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करते. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. एक वर्षाचा डिप्लोमा घेऊन दारावर "स्पीच थेरपिस्ट" अशी पाटी लावणारे कमी नाहीत. तुम्ही त्यांत भर घालू नका.

शॅडो टीचरला, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणाऱ्या शिक्षिकेला, इंदुरातल्या खाजगी शाळांत मागणी असते. पण नोंदणीच्या यादीत अशी वेगळी पदवी नसते. ते काम सुरुवातीचा अनुभव म्हणून चांगलं, शिक्षणाला पर्याय म्हणून नाही.

*तपासणी:* कागदावर एकच ओळ लिहा: "मी रोज सकाळी दहा वाजता ______ वयाच्या ______ अडचणीच्या माणसासोबत ______ करत असेन." तिन्ही जागा भरता आल्या तरच पुढे जा.

टप्पा २: फॉर्म भरण्याआधी महिनाभर मुलांमध्ये बसा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि मला विचाराल तर अर्धी गळती इथेच थांबली असती. जवळची एखादी विशेष शाळा, थेरपी सेंटर किंवा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र शोधा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्यात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते. त्या तपासणीतून पुढे पाठवलेली मुलं या केंद्रांत येतात. मुख्याध्यापिकेला भेटून सरळ सांगा: "मला काही शिकवायचं नाही. कोपऱ्यात बसून बघायचंय आणि सांगाल ते काम करायचंय."

सांगतील ते काम म्हणजे काय, हे आधीच ऐकून ठेवा. लाळ पुसणं. डबा भरवणं. आठ वर्षांच्या मुलाला शौचालयात नेणं. अंगावर धावून येणाऱ्या मुलासमोर आवाज न चढवता उभं राहणं. मध्यंतरी एक अतिशय हुशार मुलगी तिसऱ्या दिवशी रडत परत आली होती, एका मुलानं तिच्या हाताचा चावा घेतला म्हणून. ती आठवड्यानं पुन्हा गेली, आणि आज त्याच कामात आहे. दुसरी एक गेलीच नाही, तिनं बी.कॉम. केलं. तिचंही बरोबरच आहे. वर्षाची फी भरल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

वही ठेवा, पण मतं लिहू नका. "आज आरव हट्टीपणा करत होता" ही नोंद कामाची नाही. "१०.२० ला लाल ठोकळा काढून घेतल्यावर जमिनीवर बसला, कान झाकले, अंदाजे दोन मिनिटं ओरडला, ठोकळा परत मिळाल्यावर थांबला" ही नोंद आहे. हातात असं लिहिण्याची सवय आली की पुढचं निम्मं प्रशिक्षण सोपं जातं. खरं नाव मात्र वहीत घालू नका, टोपणनाव किंवा अक्षर वापरा.

*इशारा:* मुलांचे फोटो काढू नका, व्हॉट्सॲप स्टेटसवर तर मुळीच टाकू नका. "किती गोड आहे" म्हणून टाकलेला फोटो त्या आईला शेजारणीकडून कळतो.

टप्पा ३: मान्यता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजेच आरसीआय, १९९२ च्या कायद्यानं वैधानिक झाली. त्या कायद्याच्या कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (सीआरआर) नाव नसलेल्या व्यक्तीला या क्षेत्रात व्यवसाय करता येत नाही. उल्लंघन झालं तर एक वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नाव तेव्हाच चढतं जेव्हा तुमचा कोर्स, तुमची संस्था आणि तुमचं शैक्षणिक सत्र, तिन्ही मान्यताप्राप्त असतात. तीनपैकी दोन चालत नाहीत.

क्रम असा ठेवा.

१. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. संस्थेच्या माहितीपत्रकातली छापील यादी नको.

२. संस्थेचं नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा. एकाच ट्रस्टच्या दोन शाखा असतात, मान्यता एकीला असते आणि वर्ग दुसरीकडे भरतात.

३. कोर्सचं नाव आणि विशेषीकरण पाहा. बौद्धिक अक्षमतेतल्या डी.एड.ची मान्यता असलेल्या संस्थेला अध्ययन अक्षमतेतल्या बी.एड.ची असेलच असं नाही.

४. मान्यता कोणत्या सत्रापर्यंत आहे आणि जागा किती आहेत ते पाहा. तीस जागांच्या मान्यतेवर चाळीस जण घेतले असतील तर उरलेल्या दहांत तुम्ही नाही ना?

५. पदवी असेल तर विद्यापीठाची संलग्नता विचारा. डिप्लोमाच्या परीक्षा पुनर्वास परीक्षांच्या राष्ट्रीय मंडळाकडून, म्हणजे एनबीईआरकडून होतात. "आमचीच परीक्षा, आमचंच प्रमाणपत्र" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

कार्यालयात बसलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, अप्रूव्हल बस आने ही वाली है." आलेली मान्यता आणि येणारी मान्यता यांत तुमची दोन वर्षं असतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं या वाक्यावर विश्वास ठेवला. शिकवणं उत्तम होतं, शिक्षक प्रामाणिक होते, परीक्षाही झाली. नोंदणीचा अर्ज परत आला. तो आता पुन्हा पहिल्या वर्षाला बसलाय, त्याच धड्यांना.

*इशारा:* तीन महिन्यांचं ऑनलाइन "स्पीच थेरपी सर्टिफिकेट" भिंतीवर लावता येतं, नोंदवहीत नाव लावता येत नाही. आई म्हणून, शिक्षिका म्हणून ज्ञानासाठी करायचं असेल तर जरूर करा. बीएएसएलपी तर घरबसल्या होतच नाही. बी.एड. विशेष शिक्षण काही मुक्त विद्यापीठांतून चालत आलेलं आहे, पण तिथेही सत्रनिहाय मान्यता वरच्याच पाच पायऱ्यांनी पाहा.

टप्पा ४: कुठे शिकायचं

इंदुरातच राहायचं की बाहेर जायचं, हा प्रश्न घरात जेवणाच्या ताटावर सुटतो, आणि सहसा चुकीच्या कारणानं. "मुलगी एकटी कुठे जाणार" हे कारण समजतं. पण पदवीसाठी चार वर्षं जिथे रोज रुग्ण नाहीत अशा ठिकाणी घालवली, तर हातात काहीच उरत नाही.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या वाचा-श्रवणातल्या जुन्या सरकारी संस्था. बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था. जवळ भोपाळला दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, आणि मानसिक आरोग्य पुनर्वासाची राष्ट्रीय संस्था सीहोरला. इंदूरहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई, त्यामुळे वांद्रे वाटतं तेवढं लांब नाही. मराठी मुलांना तिथे भाषेचीही अडचण येत नाही.

कुठेही जा, तिथे पोचल्यावर तीन गोष्टी विचारा. ओपीडीत दिवसाला साधारण किती नवे रुग्ण येतात? विद्यार्थी स्वतः थेरपीचं सत्र घेतात की काचेमागून बघतात? आणि सुपरवायझर सत्रात बसतो की फक्त फाइलवर सही करतो? तिसऱ्याचं उत्तर शिक्षकांना विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा.

टप्पा ५: कागद

छोटा टप्पा, पण चुका इथेच जास्त.

दहावीची मार्कशीट (जन्मतारखेसाठी हीच धरतात), बारावीची किंवा पदवीची मार्कशीट, मूल निवासी प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, फोटो, सही. मध्य प्रदेश मंडळाच्या मार्कशीटवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते अक्षर-अक्षर मोजा. आपल्या मराठी आडनावांचं हिंदी कारकुनांच्या हातून काय काय होतं ते मी सांगायला नको. कुळकर्णीचं कुलकर्णी आणि काळेचं काले झालेलं असतंच, इंग्रजीत तर त्याची तीन रूपं होतात. ते आत्ता दुरुस्त करा. चार वर्षांनी नोंदणीच्या वेळी हाच फरक अर्ज अडकवतो.

*इशारा:* एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर फॉर्म भरलात तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच घातलाय हे स्क्रीनवर बघा. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतो, आणि मग प्रवेशाचा ओटीपी छावणीतल्या कुणाच्या तरी फोनवर येत राहतो.

टप्पा ६: प्रशिक्षणात हात कसा बसवायचा

इथे थोडं थांबू, कारण पुस्तकातलं सगळं पाठ असलेली मुलं मुलासमोर बसली की नेमकी इथेच अडखळतात. या कामालाही क्रम आहे: ऐकणं तपासा, भाषा समजून घ्या, उद्दिष्ट लिहा, मग सत्र.

*६.१ आधी कान.* बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचा श्रवण अहवाल मागा. घरचे सांगतात, "ऐकू येतं त्याला, टाळी वाजवली की वळतो." टाळीसोबत हाताची सावली हलते, हवा लागते, जमीन थरथरते. शिवाय टाळीला वळणारं मूल "स" आणि "श" ऐकतंच असं नाही. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद) आणि बेरा (श्रवणनाडीचा प्रतिसाद) या तपासण्या झाल्यात का पाहा. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, त्यामुळे "त्या दिवशी झोपला नाही म्हणून राहिली" हे फार वेळा ऐकायला मिळतं. राहिली असेल तर पुन्हा पाठवा. कान न तपासता सहा महिने थेरपी दिली आणि नंतर श्रवणदोष निघाला, तर ते सहा महिने मुलाचे गेले, तुमचे नाही. मध्य प्रदेशात लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे. पण इम्प्लांटचा फायदा लवकर मिळण्यात असतो, म्हणून घाई.

*६.२ मग घरातली भाषा.* इंदुरातल्या आपल्या घरांत आजी मराठीत बोलते, आई मराठी-हिंदी मिसळून, बाबा फोनवर हिंदीत आणि नर्सरीतल्या मॅडम इंग्रजीत. फाइलवर "मातृभाषा: हिंदी" एवढं लिहून पुढे जाऊ नका. दिवसाचे जागेपणाचे तास कागदावर मांडा आणि प्रत्येक तासाला मुलाशी कोण, कोणत्या भाषेत बोलतं ते भरा. बऱ्याचदा असं दिसतं की सर्वांत जास्त वेळ बोलणारा माणूस मोबाइल आहे.

प्रशिक्षणार्थी इथे एक ठरलेली चूक करतात. चार वर्षांच्या मुलाला कमळाचं चित्र दाखवलं, तो म्हणाला "कमल". बाळाचं दाखवलं, म्हणाला "बाल". झालं, फाइलवर "ळ चा उच्चारदोष". अहो, हिंदीत ळ नाही. त्या मुलाच्या कानावर दिवसभर "ल" पडतो. आधी आईला "कमळ" म्हणायला सांगा. तीही "कमल" म्हणाली तर तो घराचा उच्चार आहे, विकार नाही. "ण" चा "न", "ते मूल" चं "तो मूल", "आम्ही" च्या जागी "अपन", हेही त्याच जातीचं. याउलट मूल "काका" ला "ताता" आणि "गाय" ला "दाय" म्हणत असेल, तर क आणि ग दोन्ही भाषांत आहेत, तिथे हिंदीला दोष देता येत नाही. घरातल्या सगळ्या भाषांमध्ये जे अडतं ते लिहा.

आणि पालकांना "मराठी बंद करा, एकच भाषा बोला" हा सल्ला देऊ नका. दोन भाषा ऐकल्यामुळे भाषाविकार होत नाही. आजीची मराठी बंद केली की मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूस गप्प होतं, बाकी काही साधत नाही.

*६.३ उद्दिष्ट.* विशेष शिक्षणातली वैयक्तिक शैक्षणिक योजना असो की थेरपीचा आराखडा, उद्दिष्टाचं वाक्य असं हवं की तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्या शिक्षिकेला ते तसंच तपासता येईल.

चुकलेलं: "मूल संवाद साधू लागेल."

चालणारं: "घट्ट झाकणाची बरणी समोर असताना, मोठ्या माणसानं काही न विचारता, मूल १० पैकी ८ संधींना बरणी हातात देऊन, बोटानं दाखवून किंवा 'दे' म्हणून मदत मागेल, सलग तीन सत्रांत."

मूल्यमापनाची साधनं शिकवतील: बौद्धिक अक्षमतेसाठी एफएसीपीसारखी तपासणीसूची, स्वमग्नतेसाठी आयएसएए. आयएसएएमध्ये ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली आलं तर स्वमग्नता धरत नाहीत. आकडा काढणं सोपं आहे. त्या ४० बाबी भरण्याआधी मुलाला दोन वेगळ्या जागी पाहिलंत का, हे जास्त महत्त्वाचं. अनोळखी खोलीत तर मीही कुणाकडे बघत नाही.

*६.४ सत्र.* वरच्या उद्दिष्टातली बरणी घेऊ. पारदर्शक बरणी, आत शेव. इंदुरात शेव न आवडणारं मूल मला अजून भेटायचंय. तरी ॲलर्जी आणि गिळण्याची अडचण आईला आधी विचारा. झाकण घट्ट लावा. बरणी मुलाला दिसेल अशी, हाताला लागेल अशी ठेवा, आणि गप्प बसा.

गप्प बसणं हेच नव्या लोकांना जमत नाही. मुलानं बरणी ओढली, झाकण ओरबाडलं, की लगेच सुरू: "काय हवं? शेव हवी? बोल, शे-व. बोल ना. हे काय आहे? बोल." वीस सेकंदांत सात प्रश्न. मनात पाच आकडे मोजा, मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला या, भुवया उंचावून वाट पाहा. त्यानं तुमच्याकडे पाहिलं, बरणी तुमच्याकडे ढकलली, की तेवढंच पहिल्या दिवशी पुरे. "दे. शेव दे," असं तुम्ही म्हणा आणि उघडून चिमूटभर द्या. मूठभर दिलीत तर दुसरी संधी येणार नाही. झाकण पुन्हा लावा.

विशेष शिक्षणातली कौशल्यं बहुतेकदा शेवटाकडून शिकवा. दप्तराची चेन लावायला शिकवताना सगळी चेन तुम्ही ओढत आणा आणि शेवटची दोन बोटं मुलाला ओढू द्या. चेन बंद झाल्याचा "खट" त्याच्या हातून होतो. आठवड्यानं चार बोटं, मग निम्मी. पहिल्या पायरीपासून सुरू केलं की मूल दाते जुळवतानाच हरतं आणि दप्तर फेकतं.

*इशारा:* मेणबत्ती फुंकणं, शिट्ट्या, जिभेची कवायत, यांनी उच्चार सुधारतात असा समज घट्ट आहे. "श" शिकवायचा तर "श" वरच काम करा. पालकांना कवायत आवडते, कारण काहीतरी "चाललंय" असं दिसतं. त्या मोहात पडू नका.

*तपासणी:* सत्र संपल्यावर दहा मिनिटांच्या आत नोंद लिहिली का? रात्री घरी जाऊन लिहिलेल्या "१० पैकी ८" वर माझा तरी विश्वास नाही.

टप्पा ७: पालकांशी बोलणं

अभ्यासक्रमात याला थोडी पानं असतात, कामात अर्धा दिवस जातो.

पहिल्या भेटीत आजी सांगणार, "याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलले नव्हते." किंवा वेखंड उगाळून चाटवलं की जीभ सुटते. किंवा जीभ खाली चिकटलेली आहे, कापून घेऊ. वाद घालू नका. "आजी, बाबांचं बोलणं उशिरा आलं ही माहिती फार उपयोगाची, लिहून घेते. पण आपण कान मात्र या आठवड्यात तपासून घेऊ," असं म्हणा. आजीचा मान राहतो आणि मूल तपासणीला जातं. जीभ चिकटलेली असेल तर एखाद-दुसऱ्या उच्चारावर परिणाम होऊ शकतो, पण मूल मुळात शब्दच बोलत नाही याचं ते कारण नसतं. हे ऑपरेशन ठरण्याआधी सांगा.

निदानाचा शब्द तुमच्या अधिकारात नसेल तर उच्चारू नका. विशेष शिक्षकानं "याला ऑटिझम आहे" असं दारात सांगणं ही गंभीर चूक आहे. जे दिसलं ते सांगा आणि कुणाकडे जायचं ते लिहून द्या. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लागते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) रस्ता माहीत असू द्या, कारण पालक हे डॉक्टरांना नाही, तुम्हालाच विचारतात.

घरी द्यायचं काम एकच द्या. पाच पानांचा "होम प्रोग्रॅम" फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. "रोज अंघोळीच्या वेळी तांब्या उचलून थांबायचं, त्यानं बघितलं की 'पाणी' म्हणून ओतायचं." एवढंच, पंधरा दिवस.

टप्पा ८: नोंदणी

निकाल लागला की लगेच, नोकरी लागण्याची वाट न पाहता. अर्ज ऑनलाइन. दहावीची मार्कशीट, सर्व सत्रांच्या मार्कशीट, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, बीएएसएलपी असेल तर इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला. टप्पा ५ मधलं स्पेलिंग इथे पुन्हा डोकं वर काढतं.

सीआरआर क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला तुमचा क्रमांक, मिळाला की तो प्रत्येक अहवालावर, सहीखाली लिहा. नोंदणीला मुदत असते. नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. शेवटच्या वर्षी धावाधाव करून सगळे गुण गोळा करणारे दरवेळी दिसतात. दरवर्षी थोडे करा आणि प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा.

*इशारा:* क्रमांक येईपर्यंत स्वतंत्र सत्रं घेऊ नका, नातेवाइकांच्या मुलाचीही नाही. फुकट केलं तरी ते काम व्यवसायाचंच आहे.

टप्पा ९: पहिली नोकरी

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबद्दल निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये प्रमाण ठरलं: पहिली ते पाचवीत १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत १५ मागे एक. सरकारी शाळांत जायचं असेल तर शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी द्यावी लागते, फक्त बी.एड. पुरत नाही. आपल्याकडे जनपद शिक्षा केंद्रात मोबाइल स्रोत सलाहकाराचं पद असतं: एका ब्लॉकमधल्या शाळांत फिरायचं, मुलं शोधायची, शिक्षकांना मदत करायची. स्कूटी आणि उन्हाची सवय हवी.

खाजगी सेंटरच्या मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: दिवसाला किती सत्रं? दोन सत्रांमध्ये नोंद लिहायला वेळ आहे का? आठवड्यातून एकदा तरी माझं सत्र कोण बघणार, आणि त्यांचा सीआरआर क्रमांक काय? दिवसाला बारा सत्रं आणि मधे पाच मिनिटंही नाहीत असं सांगितलं तर विजयनगरला अजून बरीच सेंटर्स आहेत. खोलीच्या दाराला काच आहे का तेही बघून घ्या. बंद खोलीत एकट्यानं मुलासोबत बसायचं नसतं, आणि ही काळजी मुलासाठी आहे तितकीच तुमच्यासाठीही.